पिकअपवाल्यांनो, मृगाच्या आत टायर बदला!

देवगाव रंगारी आणि पंचक्रोशीतल्या सगळ्या पिकअपमालकांना, चालकांना आणि या गाड्या भाड्याने लावणाऱ्या शेतकऱ्यांना, गुत्तेदारांना, लग्नघरांना हे जाहीर आवाहन आहे. 7-8 जूनला मृग लागेल. त्याच्या आत गाडीखाली वाकून पाचही टायर बघा, स्टेपनीसकट. जो गोटा झालाय, ज्याच्या कडेला फुगा आलाय, ज्याची तार उघडी पडलीय, तो आजच काढा. आणि नवा घेताना दुकानात नुसता नंबर सांगू नका. आपण किती वजन भरतो आणि मागे काय ओढतो, ते सांगून टायर घ्या.

घाई अशासाठी की सध्या तीन हंगाम एकाच गाडीवर बसलेत. उन्हाळ कांदा लासूर स्टेशनच्या आणि वैजापूरच्या बाजारात चाललाय. पावसाच्या आत स्लॅब पडला पाहिजे म्हणून प्रत्येक गावात मिक्सरला मागणी आहे. वर लग्नाच्या तिथी. सकाळी कांद्याची खेप मारून आलेली पिकअप दुपारी हौद्यात सिमेंट, सेंट्रिंगच्या प्लेटा आणि मजूर घेऊन मागच्या हुकाला मिक्सर अडकवते. रात्री तीच गाडी डीजेचे बॉक्स रचून, मागे जनरेटरचं गाडं ओढत वरातीला उभी असते. चालक बदलतो, भाडं बदलतं, टायर तेच राहतात. वर 40 अंशांचं ऊन आणि खाली तापलेलं डांबर.

असा मिक्सर ओढणारी गाडी चौकात थांबली की मागचं चाक जवळून बघा. मधली नक्षी अजून बरी दिसते, पण दोन्ही कडा घासून गुळगुळीत झालेल्या असतात. कडेच्या भिंतीवर डिस्कच्या बरोबरीने बारीक भेगांची रांग गेलेली असते. डिस्कलगत टायर इतका बसलेला असतो की हात लावायच्या आत कळतं, हवा कमी आहे. चालकाला विचारा. तो म्हणेल, ‘हा पावसाळा काढतील अजून.’ हे वाक्य आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी आहे आणि सगळा घोटाळा त्याच वाक्यात आहे.

आपला रस्ताही आता पूर्वीचा राहिलेला नाही. 31 ऑगस्ट 2021 ला कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या, तेव्हा वाहतूक आपल्याकडून वळवली होती. पुढे ऑगस्ट 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या घाटात जड वाहनांना बंदी घातली. तेव्हापासून कसाबखेडा, देवगाव रंगारी, शिऊर बंगला, नांदगाव हा रस्ता मोठ्या गाड्यांचा पर्यायी मार्ग झाला. समोरून कंटेनर, मागून ट्रेलर आणि मध्ये आपली लादलेली पिकअप. इथे टायर दगा देऊन गाडी दोन हात जरी उजवीकडे ओढली गेली, तरी सावरायला जागा नाही.

‘टायर फुटला, त्याला कोण काय करणार? नशीब!’ असं अपघातानंतर बोललं जातं. न्यायालयाला हे मान्य नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका मोटारीचं मागचं टायर फुटलं आणि गाडीतला कमावता तरुण माणूस गेला. विमा कंपनीने टायर फुटणं ही देवाची करणी असल्याचं सांगून हात वर केले. 2016 मध्ये न्यायाधिकरणाने कुटुंबाला सव्वा कोटीची भरपाई मंजूर केली होती. तिच्याविरुद्धचं कंपनीचं अपील मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये फेटाळलं. जास्त वेग, कमी हवा, जास्त हवा, जुना वापरलेला टायर, तापमान ही टायर फुटण्याची कारणं आहेत आणि प्रवासाला निघण्याआधी टायर तपासणं हे माणसाचं काम आहे, असं न्यायालयाने म्हटलं. थोडक्यात, हा निष्काळजीपणा आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. प्रत्येक अपघात टायरच्या नावावर खपवायचीही आपल्याला सवय आहे. 1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले. चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं. आरटीओच्या अहवालाने ते मान्य केलं नाही. म्हणजे टायर ही लपायची जागा पण आहे. ती जागाच राहू नये म्हणूनही टायर चांगले हवेत.

आता मुद्द्याचं, म्हणजे टायर निवडायचा कसा. दुकानात आपण म्हणतो, ‘दोनशे पंधरा पंचाहत्तर पंधरा दे.’ दुकानदार देतो. चूक इथेच होते. 215/75 आर 15 हा आकार बोलेरो जीपलाही लागतो आणि पिकअपच्या काही मॉडेलांनाही. डिस्कवर दोन्ही बसतात, रंग एकच, गोलाई एकच. पण जीपच्या टायरवर त्या आकड्यांच्या पुढे साधारण 100 लिहिलेलं असतं आणि आठ प्लायच्या एलटी, म्हणजे लाइट ट्रक टायरवर 106 च्या आसपास. हा लोड इंडेक्स. 100 म्हणजे एका टायरने 800 किलो पेलायचे, 106 म्हणजे 950. एका टायरमागे दीडशे किलो, मागच्या दोन्ही चाकांवर मिळून तीनशे. सहा गोण्या कांद्याचा फरक आहे हा, आणि दुकानात तो कोणी सांगत नाही, कारण जीपचा टायर थोडा स्वस्त पडतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

म्हणून टायरवर ‘एलटी’ अक्षरं आहेत का ते बघा. प्लाय रेटिंग बघा. हा आकडा ताकदीचं माप आहे, आत तितके थर मोजून घातलेले असतात असं नाही. लोड इंडेक्स बघा, दोन आकडे तिरप्या रेघेने दिलेले असतील तर आपल्याला पहिला लागू; दुसरा मागे जोडचाकं असणाऱ्या गाड्यांसाठी असतो. आयएसआयची खूण बघा, ती सक्तीची आहे. आणि गाडीला मूळचा कुठला टायर होता, हे कंपनीच्या पुस्तकात किंवा दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत बघा. आकार तोच, इंडेक्स तेवढा किंवा जास्त, कमी कधीही नाही.

ओढकामाचा हिशेब कोणी करत नाही, तो इथे करू. समजा मागच्या धुऱ्यावर 1,900 किलो आलेत. दोन चाकांवर प्रत्येकी 950. म्हणजे 106 चा टायर काठोकाठ भरला. आता हुकाला मिक्सर अडकवला आणि त्याच्या दांडीचं दीडशे किलो वजन हुकावर बसलं. आपण म्हणतो, दीडशेच तर वाढले. तसं नाही. हूक धुऱ्याच्या मागे असतो. धुऱ्यापासून हूक सव्वा मीटरच्या जवळपास आणि दोन धुऱ्यांमधलं अंतर तीन मीटर धरलं, तर मागच्या चाकांवर दीडशेचे दोनशे दहा होतात आणि पुढची चाकं साठ किलोने हलकी होतात. मागचा प्रत्येक टायर आता हजाराच्या वर गेला, 1,055 ला. 108 चा टायरसुद्धा एक हजारालाच संपतो. इथे 110 लागतो, तो 1,060 किलो घेतो. आणि पुढची चाकं हलकी झाल्यामुळे स्टिअरिंग हातात सैल लागतं, ब्रेकला पुढची पकड कमी मिळते, ते वेगळंच. मिक्सरमध्ये किंवा जनरेटरच्या गाड्यावर पुढच्या बाजूला डिझेलचे ड्रम, फावडी, घमेली, पाइप टाकायची पद्धत आहे, तिने दांडीवरचा भार आणखी वाढतो.

अंदाजावर जाऊ नका. बाजार समितीजवळच्या वजनकाट्यावर आपण रोज उभे असतो. एकदा फक्त मागची चाकं काट्यावर घ्या, मागे नेहमी ओढता ते गाडं हुकाला लावून, आणि आकडा लिहून ठेवा. त्याला दोनाने भागा. जो आकडा येईल त्याच्यावरचा टायर मागा. टायरवाल्याला हे सांगितलं की तो तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघेल.

अर्थात, मोठ्या इंडेक्सचा टायर घेतला म्हणून गाडीची ताकद वाढली असं समजू नका. आरसीवर जे वजन लिहिलंय, तीच मर्यादा. 1.7 टनाच्या पिकअपमध्ये पन्नास किलोच्या चौतीस गोण्या बसतात. आपल्याकडे पन्नास भरतात, आणि ते जमावं म्हणून कमानीत एक-दोन पाटे वाढवून घेतात. गाडी मागून बसत नाही, दिसायला सरळ दिसते, म्हणून सगळ्यांना वाटतं पेलतेय. पाट्याने फक्त गाडीचा मागचा भाग उचलून धरला. ते सगळं वजन शेवटी त्याच दोन टायरवर उतरलं. माझ्या मते आपल्या भागात टायर फुटण्यामागे उन्हाइतकाच हात या वाढीव पाट्यांचा आहे. कायद्याचं म्हणाल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये आहे, शिवाय जादा माल रस्त्यातच उतरवावा लागतो. त्या पैशात टायर येतात.

हवेबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय, तो काढलाच पाहिजे. उन्हाळ्यात हवा गरम होऊन टायर फुटतो, म्हणून दहा पौंड कमी ठेवायची, असं जुने चालक नव्यांना शिकवतात. खरी गोष्ट बरोबर उलटी आहे. टायरचं तापमान दहा अंशांनी वाढलं तर आतली हवा दोन-तीन पौंडांनी चढते. चांगला टायर तेवढ्याला भीत नाही. पण हवा कमी असली की लादलेला टायर प्रत्येक फेऱ्याला जमिनीपाशी दबतो आणि पुन्हा उभा राहतो. ही दबादब मिनिटाला शेकडो वेळा होते. कडेची भिंत आतून तापते, रबर आणि धागे एकमेकांना सोडू लागतात आणि वीस-तीस किलोमीटरवर भिंत उकलते. लोडिंग टायरचा लोड इंडेक्स फक्त कंपनीने सांगितलेल्या हवेवरच खरा असतो. हवा उतरली की पेलायची ताकदही उतरली. तेव्हा हवा सकाळी, गाडी थंड असताना बघा. भरल्या गाडीचा आणि रिकाम्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तो पुस्तकात आहे. आणि रस्त्यात थांबून गरम टायरची हवा सोडायची तर कधीच नाही. नायट्रोजन भरायचा तर भरा, त्यात तोटा नाही, पण तो भरला म्हणून वजन वाढवता येत नाही.

झीज कुठे झालीय यावरूनही कळतं. मध्ये घासला तर हवा जास्त, दोन्ही कडांना घासला तर कमी, एकाच कडेला घासला तर अलाइनमेंट बिघडलेली. अलाइनमेंट न करता नवा टायर चढवला तर तो त्याच कडेने घासून पुन्हा तुम्हाला दुकानात आणेल.

जुन्या टायरचा बाजार मोठा आहे आणि त्याला गिऱ्हाईक आपणच आहोत. कुठल्या तरी गाडीचा काढलेला, काळं पॉलिश मारून चकचकीत केलेला टायर निम्म्या किमतीत मिळतो. त्याची भिंत बघा. चार आकडे एका लांबट चौकटीत असतात. 2324 असेल तर 2024 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. आकडे खरवडलेले असतील तर उठून चालते व्हा. नक्षी कितीही उभी दिसली तरी सात-आठ वर्षांचं रबर कडक होतं, त्याला भेगा पडतात, आणि लोडिंगच्या गाडीला तो टायर नकोच. रिमोल्ड, म्हणजे वरून रबर चढवलेला टायर, चांगल्या ठिकाणी केलेला असला तर मोठ्या ट्रकच्या मागच्या जोडचाकांत चालतो, कारण तिथे एक गेला तरी शेजारचा धरतो. पिकअपला मागे एका बाजूला एकच चाक. तिथे धरणारं कोणी नाही. पुढे तर विचारही करू नका. एकाच धुऱ्यावर एक नायलॉन आणि एक रेडियल असली जोडी लावू नका, दोन वेगळ्या कंपन्यांची, वेगळ्या झिजेची पण नको.

पैशाची अडचण खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. गाडीचा हप्ता, डिझेल, पासिंग, विमा या सगळ्यातून टायर शेवटी येतो. चार एकदम जमत नसतील तर दोन घ्या, आणि ते मागे लावा. वजन आणि हूक दोन्ही मागे आहेत. मागचे त्यातल्या त्यात बरे असतील तर पुढे आणा, गोटा झालेले नाही. दिलासा एवढाच की 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय. तो फायदा तुम्हाला मिळाला का, ते पक्क्या बिलावरच दिसेल. बिल घ्याच; बनावटीत दोष निघाला तर त्या कागदाशिवाय कंपनी दारात उभं करत नाही.

पावसाचं वेगळं सांगायला हवं का? कायद्याने चारचाकीच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. खाचांमध्ये मधूनमधून आडवे उंचवटे असतात. रबर त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. पण ओढकाम करणाऱ्या गाडीने तिथवर वाट बघू नये, तीन मिलिमीटर राहिलेत तेव्हाच बदलावा. पहिल्या पावसात डांबरावर साचलेलं ऑइल वर येतं, वावरातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती रस्त्यावर पसरते, आणि त्या चिखलावर गोटा टायर साबणासारखा सरकतो. मागे जनरेटरचं गाडं असेल तर ब्रेक मारताच ते गाडीला मागून ढकलतं आणि पिकअप मधूनच मुडपते.

टोचनबद्दलही दोन शब्द. बंद पडलेली गाडी दोराने ओढून नेताना दोघांतलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, वेग ताशी 25 च्या आत ठेवा, मागच्या गाडीला फलक लावा. रात्री टोचन नकोच. गाडं नेहमी ओढायचं असेल तर ते गाडं नोंदणीचं आहे का आणि आपल्या गाडीला किती ओढायची परवानगी आहे, हे आधी बघा. गाड्याचे स्वतःचे टायरही बघा. मिक्सरला आणि जनरेटरला कुठल्या तरी जुन्या जीपचे, दहा-बारा वर्षांचे टायर असतात आणि त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. आणि गाडी समृद्धीवर नेली, तर तिथे मालवाहू गाडीला वेगाची मर्यादा 80 आहे, ती रस्ता मोकळा असला तरी 80 च.

आता जे गाडी भाड्याने लावतात त्यांना. औराळ्याच्या, चापानेरच्या, ताडपिंपळगावच्या शेतकरी बांधवांनो, एका खेपेत दोन खेपांचा माल भरायला चालकाला आपणच भाग पाडतो. ‘दुसरा भरतो, तुला काय होतं?’ हे म्हणणं बंद करा. स्लॅबच्या गुत्तेदारांनो, मिक्सर ओढणाऱ्या गाडीच्या हौद्यात मजूर बसवू नका. मार्च 2025 मध्ये आपल्याच तालुक्यात पिशोर घाटात उसाचा ट्रक उलटला आणि मालावर बसलेले ऊसतोड मजूर गेले. मालाच्या गाडीत माणूस बसला की त्याच्यासाठी काहीच सुरक्षित नसतं. लग्नघरच्या मंडळींनो, डीजे ठरवताना बॉक्स किती ते विचारता, तसे गाडीचे टायर पण बघून घ्या. वरातीत पुढे नाचणारी पोरं तुमचीच असतात. पंक्चरवाल्या भावांनो, फुगा आलेल्या टायरला आतून पट्टी लावून देऊ नका. शंभर रुपये बुडतील, बुडू द्या.

मृगाला थोडे दिवस आहेत. उद्या सकाळी हवा बघा, परवा काट्यावर मागची चाकं घ्या, आठवड्यात टायर बदला. आणि ज्यांच्याकडे पिकअप नाही पण माल आहे, त्यांनी एवढंच करावं: ज्या गाडीचे टायर गोटा झालेत, तिला भाडं देऊ नये.